केबलच्या तुकड्यावर गॉसचा नियम

नौपाड्यातल्या माझ्या क्लासला येणाऱ्या बारावीच्या मुलांना गॉसचा नियम पाठ असतो: बंद पृष्ठभागातून बाहेर पडणारा एकूण फ्लक्स, म्हणजे त्यातून आरपार जाणारं विद्युत फील्ड, आतल्या एकूण चार्जवरच ठरतो. पण एकात एक बसवलेले दोन वाहक दिले की हात थेट सूत्राकडे जातो. मी सांगतो, फील्ड नंतर. आधी कुठल्या पृष्ठभागावर किती चार्ज, ते ठरवा.

टीव्हीची केबल सोलली की मधे तार, तिच्याभोवती इन्सुलेशन आणि त्यावर धातूची जाळी दिसते. गणितापुरती मापं मोठी घेऊ: तारेच्या जागी सळई, जाळीच्या जागी धातूची नळी, मधे हवा धरू. सळईची त्रिज्या २ मिमी, तिच्यावर दर मीटरला +४ नॅनोकुलोम. बाहेरच्या नळीची आतली त्रिज्या १० मिमी, बाहेरची १२. तिच्यावर दर मीटरला एकूण −१.

आता ११ मिमी त्रिज्येचा काल्पनिक सिलिंडर काढा. त्याची वक्र बाजू पूर्ण धातूत आहे, आणि चार्ज स्थिर असताना धातूत फील्ड शून्य. दोन्ही झाकणांना फील्ड समांतर, म्हणून तिथूनही फ्लक्स नाही. एकूण फ्लक्स शून्य, म्हणजे आतला एकूण चार्ज शून्य. सळईवर +४, तर नळीच्या आतल्या अंगावर −४ हवेच. मग बाहेरच्या अंगावर उरले +३.

‘सर, ऋण नळीवर धन कुठून आला?’ हा प्रश्न ठरलेला. अरे, आला कुठूनच नाही. इलेक्ट्रॉन आतल्या अंगाकडे सरकले. बेरीज करून बघ, −१च आहे.

एवढं झालं की फील्ड म्हणजे तोंडी हिशोब. आत सापडलेला मीटरमागचा चार्ज गुणिले १८ अब्ज (हा सूत्रातला स्थिरांक), भागिले अक्षापासूनचं अंतर मीटरमध्ये. नॅनो आणि अब्ज एकमेकांना खातात. ५ मिमीवर ७२ भागिले ०.००५, म्हणजे १४,४०० न्यूटन प्रति कुलोम. इथे नळीचा चार्ज मोजायचाच नाही. पोकळीत तिच्यामुळे फील्ड येत नाही. २० मिमीवर आत फक्त +३ धरायचे: ५४ भागिले ०.०२, म्हणजे २,७००. दोन्ही ठिकाणी दिशा बाहेरची. सळईच्या आत अर्थात शून्य.

हे लांब केबलच्या मधल्या भागापुरतं. टोकांजवळ रेषा वाकतात, तिथे हे सूत्र लावू नका.

नळी अर्थ केली, म्हणजे तारेने जमिनीला जोडली तर? बाहेरचे +३ जातात, बाहेरचं फील्ड शून्य होतं. आतले −४ मात्र जागचे हलत नाहीत, सळईने त्यांना धरून ठेवलेलं असतं. म्हणून ५ मिमीवरचं उत्तर तेच, १४,४००.