सांगलीत पळते, पसरणीत धापा टाकते: टर्बो ट्यूनिंग शिकायला निघालेल्यांसाठी

सांगली-मिरज रस्त्यावर ट्यून केलेली गाडी झकास पळते, यात विशेष काही नाही. तीच गाडी पाच माणसं, डिकी भरून सामान आणि चालू एसी घेऊन वाईवरून पसरणी घाट चढते, तेव्हा ट्यूनरचं काम कळतं. टर्बो, इंटरकूलर, वेस्टगेट हे ज्यांना ठाऊक आहे आणि आता लॅपटॉप घेऊन यात उतरायचंच असं ज्यांनी ठरवलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी कडू तेवढं. इंजिनचा कंप्युटर, म्हणजे ईसीयू, ज्या आकड्यांवर चालतो त्यांची फाईल असते. ती रेडिमेड विकत घेऊन गाडीत टाकणं म्हणजे ट्यूनिंग नव्हे. ती फाईल कुठल्या हवेत, कुठल्या इंधनावर, किती चाललेल्या टर्बोवर बनवली हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि तो ट्यूनिंग बॉक्स, सेन्सरच्या वायरीत अडकवायची डबी! रेल प्रेशर सेन्सरचा, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलच्या दाबाचा, आकडा कमी करून तो ईसीयूला देतो, ईसीयू बिचारा दाब वाढवतो, डिझेल जास्त जातं. धुराची मर्यादा, टॉर्कचा हिशेब, सगळं मग खोट्या आकड्यावर चालतं. मी तरी त्याला हात लावत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आता ज्या खड्ड्यात मी पडलो आणि अजूनही पोरं पडताना बघतो, तो. हे जरा लांबण लागेल, पण वाचाच.

बूस्ट, म्हणजे टर्बोनं हवेला दिलेला जादा दाब, किती, असं विचारल्यावर जो आकडा मिळतो तो कशाच्या तुलनेत, हे कुणी सांगत नाही. डॅशवरचं गेज बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त ते दाखवतं. ईसीयू मात्र निरपेक्ष दाब मोजतो, म्हणजे शून्यापासून. समुद्रसपाटीला बाहेरची हवा १०१३ मिलिबार. सांगली साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, तिथे ९५० च्या आसपास. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या घरात, तिथे ८६० च्या आसपास.

समजा डिझेल गाडीत तुम्ही २२०० मिलिबार निरपेक्ष दाब मागितला. कॉम्प्रेसर, म्हणजे टर्बोचा हवा दाबणारा भाग, किती कष्ट करतोय हे बाहेर पडणाऱ्या दाबाला आत येणाऱ्या दाबानं भागलं की कळतं. सांगलीत २२०० भागिले ९५०, म्हणजे सुमारे २.३. महाबळेश्वरला २२०० भागिले ८६०, म्हणजे जवळजवळ २.६. इंजिनला पोचणारा दाब तोच, पण टर्बोला त्यासाठी जास्त वेगानं फिरावं लागतं. आत येणारी हवा ३० अंशांची आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा महाबळेश्वरला सांगलीपेक्षा पंधराएक अंशांनी जास्त तापते. वर हवा थंड असते हे खरं, त्यानं थोडा दिलासा मिळतो. पण कॉम्प्रेसर त्याच्या मर्यादेला भिडला की कार्यक्षमताही घसरते आणि तो दिलासा गेला. शिवाय एअर फिल्टर तुंबलेला असेल तर टर्बोच्या तोंडाशी ८६० सुद्धा नसतात.

गंमत बघा, गेज सांगलीत १.२५ बार दाखवेल आणि महाबळेश्वरला १.३४. गाडीवाला खूश, वर गेल्यावर बूस्ट वाढला म्हणून! इंजिनला हवा तेवढीच, मार खातोय टर्बो. मोबाईलवरची काही ॲप तर सरळ १०१३ वजा करून बूस्ट सांगतात. ओळखायची खूण सोपी आहे: चावी फिरवा, इंजिन चालू करू नका, आणि बूस्ट बघा. सांगलीत उभ्या गाडीत उणे ०.०६ दिसलं, तर ते ॲप समुद्रकिनाऱ्यावर बसून हिशेब करतंय.

कंपनीच्या इंजिनिअरांना हे सगळं ठाऊक असतं. म्हणून बऱ्याच बॉश ईसीयूंत बाहेरचा दाब घटला की बूस्टची कमाल मर्यादा खाली आणणारा वेगळा मॅप, म्हणजे आकड्यांचा तक्ता, असतो. आणि रेडिमेड फाईलवाला नेमका तोच सपाट करून ठेवतो, कारण मग मर्यादा आडवी येत नाही. सांगलीत फरक शून्य. पाचगणीच्या अलीकडे इंजिनचा दिवा लागतो, गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे इंजिन वाचवायला ईसीयू ताकद कापतो, आणि स्कॅनरवर पी०२३४ म्हणजे ओव्हरबूस्ट, नाहीतर पी०२९९ म्हणजे अंडरबूस्ट. लोक मग होज बदलतात, सेन्सर बदलतात, शेवटी टर्बोवाल्याला शिव्या देतात. होज तपासाच, फुटलेल्या होजनंही पी०२९९ येतोच. पण होज धड असेल तर आधी तो मॅप उघडा. बूस्ट वाढवायचाय तर सपाटीवर वाढवा, उंचीवरचा उतार तसाच राहू द्या. घाटात चार घोडे कमी मिळाले तर कुणाचं काही बिघडत नाही.

घाबरू नका. आकडेमोड आठवीच्या गणिताची आहे.

गुरूबद्दल माझं मत आहे आणि ते बदलणार नाही. लॅपटॉपची स्क्रीन तुमच्याकडून वळवून बसणाऱ्या उस्तादाकडे राहू नका. झाडलोट, चहा, गाड्या धुणं सगळं करा, पण लॉग, म्हणजे गाडी चालताना नोंदलेले आकडे, दाखवणाऱ्याकडे करा. मला स्वतःला सगळ्यात जास्त एका डिझेल पंपवाल्या मिस्त्रींनी शिकवलं, ज्यांनी जन्मात मॅप एडिट केला नव्हता. इंजेक्टर टेस्ट बेंचवर लावून, चारही नळ्यांत किती डिझेल पडतं ते बघायला लावायचे. एक इंजेक्टर जास्त सोडत असेल तर तुमचा मॅप कितीही सुंदर असो, तो पिस्टन आधी जाणार.

पेट्रोलवाल्यांनी एक गोष्ट उलटी लक्षात ठेवायची. डिझेलमध्ये इंधन वाढवलं की एक्झॉस्ट तापतो, पेट्रोलमध्ये पूर्ण लोडला थोडं जास्त इंधन गार ठेवतं. एकाकडून शिकलेला हात दुसऱ्यावर तसाच चालवला की इस्कोट ठरलेला. लॅम्डा म्हणजे इंधन पूर्ण जळायला लागते त्याच्या किती पट हवा आहे तो आकडा; एकच्या खाली म्हणजे इंधन जास्त. पेट्रोलला पूर्ण लोडवर लॅम्डा ०.८० ते ०.८५, डिझेलला १.२ च्या खाली नको. लॅम्डाच बघा, एअर-फ्युएल रेशो, म्हणजे एक भाग इंधनाला वजनानं किती भाग हवा, तो नको. शुद्ध पेट्रोलचा १४.७ सगळ्यांना पाठ असतो, पण पंपावर आता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं, आपल्याच कृष्णाकाठच्या उसाचं इथेनॉल त्यात असणार, आणि त्याचा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. मीटर मात्र १४.७ धरूनच बोलत राहतो. लहान डायरेक्ट इंजेक्शन टर्बो असेल तर दोन हजार आरपीएमच्या खाली टॉर्क वाढवायचा मोह टाळा. तिथे ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टन फुटतो, इंजिनमधली ठोक ऐकणाऱ्या नॉक सेन्सरला सावरायला वेळच मिळत नाही. ऑइल एपीआय एसपी दर्जाचं घाला, ते या दुखण्याचा विचार करूनच आणलंय.

गिअरबॉक्सही विचारात घ्या. पोलो जीटी टीएसआयचं १.२ इंजिन कंपनीतून १७५ न्यूटन मीटर देतं, त्याचा कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, २५० न्यूटन मीटरसाठी बनवलाय. मधली जागा दिसते तेवढी मोकळी नसते. क्लच जुना असेल तर आधीच सरकेल.

फाईल लिहिताना बॅटरीला स्टॅबिलायझर लावा आणि मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवा. लोडशेडिंगच्या गावात हे वेगळं सांगायला नको.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी गेलीच समजा. हे गिऱ्हाइकाला गाडी हातात घेण्याआधी तोंडावर सांगा. डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काढून द्या म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि परत पाठवा. तो महिन्यानं दुसरीकडून करून घेईल आणि दिवा लागला की तुमच्याकडेच येईल. तेव्हा पैसे आधी घ्या.