स्पीकर-हेडफोनचा रिव्ह्यू किती खरा मानायचा, ते कसं ठरवायचं

गणपती-दिवाळी जवळ आली की आपल्या बेळगावातल्या शहापूर, टिळकवाडी, अनगोळकडची पोरं हमखास विचारतात, हा साऊंडबार घेऊ काय, रिव्ह्यू तर भारी आहेत. आता अख्खा रिव्ह्यू खरा की खोटा हे ठरवत बसू नका, त्यातलं एकेक वाक्य उचला आणि बघा की हे कुणाला तपासता येईल काय. "उजवा इअरबड चार महिन्यांत बंद पडला", "भिंतीपलीकडं ब्लूटूथ तुटतंय", ही वाक्यं तपासता येतात, ती बाजूला काढून ठेवा. "आवाजात गोडवा आहे" हे त्या माणसाला मनापासून वाटलं असेल, पण त्याच्या भरवशावर तुम्ही पंधरा हजार मोजू नका.

मग रिव्ह्यू करणाऱ्याकडं पैसा कुठून आला ते बघा. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं इन्फ्लुएन्सरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पैसे किंवा फुकट वस्तू मिळाली असेल तर ते लोकांना स्पष्ट सांगायचं असं आहे. व्हिडिओत ते सांगितलंय काय? खाली खरेदीच्या लिंका असतील तर बहुतेक वेळा त्यावर कमिशन असतंय. फुकट वस्तू मिळाली म्हणून माणूस खोटाच बोलतो असं नाही, पण ज्याचं एकही उत्पादन कधी "घेऊ नका" म्हणण्याइतकं वाईट निघत नाही त्याचं कौतुक काही कामाचं नाही.

आपल्या सीमाभागातल्या लोकांना एक सोय फुकटात मिळालीय, आपण मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही व्हिडिओ बघतो. तिन्हीकडं एकाच आठवड्यात तीच विशेषणं त्याच क्रमानं आली तर समजायचं की कंपनीचा कागद समोर ठेवून वाचलाय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रिव्ह्यू करणाऱ्यानं ऐकलं कसं? १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी हरमन कंपनीच्याच ४० कर्मचाऱ्यांना तेच स्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा समोर दाखवून ऐकवले, आणि समोर दिसल्यावर मोठ्या, महागड्या स्पीकरांचे मार्क वाढले, छोट्या स्वस्त सेटचे घसरले, म्हणजे रोज याच धंद्यात असणाऱ्यांचे कानसुद्धा डोळ्यांच्या मागं गेले. २००७ मधल्या मेयर आणि मोरन यांच्या चाचणीत हाय-रिझोल्यूशन (सीडीपेक्षा बारीक तपशिलानं साठवलेला) आवाज आणि त्याचाच १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा म्हणजे साध्या सीडीच्या दर्जाचा आवाज लोकांना ओळखायला दिला, ५५४ प्रयत्नांत बरोबर उत्तरं साधारण निम्मी, नाणं उडवल्यासारखी. म्हणून कुणी महागडी केबल बदलली आणि "जमीन-अस्मानाचा फरक" म्हणाला तर विचारा, न बघता ऐकलं होतं काय, आणि दोन्हीकडं आवाज सारखा ठेवला होता काय? कारण जरासा मोठा आवाज कानाला "जास्त चांगला" वाटतो, मोठा आहे हे लक्षातही येत नाही. घरच्या अंतरासाठी साधी जाड तांब्याची स्पीकर वायर पुरते, माझं मत ठाम आहे.

आकडे पण तपासा. खोक्यावर पीएमपीओ (क्षणभराची, फुगवून सांगितलेली ताकद) मध्ये हजारो वॅट लिहिलेले असले तरी तिकडं बघू नका, आरएमएस वॅट (सतत देता येणारी ताकद) विचारा. वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबल (आवाज किती मोठा ते मोजायचं माप) वाढतो आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट! त्यामुळं ५० आणि ६० वॅटमधला फरक रिव्ह्यूत कितीही रंगवला तरी घरात कळणार नाही.

शिवाय रिव्ह्यू करणाऱ्याची खोली वेगळी, तुमची वेगळी. गालिचा आणि जाड पडदे असलेल्या खोलीत न घुमणारा स्पीकर आपल्या फरशीच्या, उघड्या भिंतींच्या हॉलमध्ये कोपऱ्यात ठेवला की बास (खालचा जाड आवाज) घुमायला लागतो, आणि रिव्ह्यू खोटा होता म्हणून शिव्या घालण्याआधी तो स्पीकर भिंतीपासून हातभर पुढं ओढून बघा.

गल्लीतल्या मंडळाला सिस्टीम देणाऱ्यांनाही विचारा, कुठला अँप्लिफायर तापतोय, कुणाचे स्पेअर मिळतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतंय. मात्र घरात ऐकायच्या आवाजाबद्दल त्यांचं मत जपून घ्या, त्यांचा कान उघड्या मैदानातल्या जोरदार आवाजाला बसलेला असतो. सर्व्हिस सेंटर बेळगावात आहे की खोका हुबळी-कोल्हापूरला पाठवायचा, हे पण घ्यायच्या आधीच विचारा की.

शेवटी स्वतः ऐका. ओळखीचा माणसाचा आवाज घ्या, आपल्याच सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व किंवा धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर, तानपुरा आणि डग्गा नीट ऐकू येणारं रेकॉर्डिंग. फोनमधल्या डेसिबल मीटरनं एकाच जागी बसून दोन्ही सेटचा आवाज सारखा करा (आकडा अचूक नसला तरी तुलनेला चालतो), भावाला किंवा वहिनीला अदलाबदल करायला सांगा आणि तुम्ही पाठ फिरवून बसा. दुकानात हे जमत नसेल तर रिटर्नची मुदत असलेल्या ठिकाणाहूनच घ्या, पक्कं बिल घ्या, आणि मुदत संपेपर्यंत खोका, थर्माकोल काही टाकू नका.