बांधकामावर अपघात झाला, तर भरपाई लांबवणाऱ्या या चुका टाळा

सेंटरिंग कोसळली, परांचीवरून पाय सुटला, लिफ्टच्या खड्ड्यात माणूस पडला. पहिली धावपळ ओसरली की घरचे विचारतात, पैसे किती दिवसांत मिळतील? 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याप्रमाणे असे दावे ऐकणाऱ्या भरपाई आयुक्तांनी प्रकरण तीन महिन्यांत निकाली काढायचं असतं. ठेकेदार आणि विमा कंपनी दोघंही भांडले, तर दीड-दोन वर्षं धरून चालावं. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदौर खंडपीठात अपील गेलं, तर त्याहून जास्त. यातला बराच वेळ पहिल्या महिन्यात हातून सुटलेल्या कागदांपायी जातो, आणि तो वाचवता येतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. त्याआधीच्या अपघाताला जुना कायदा लागू राहतो. अपघातापासून दोन वर्षांत दावा करायचा, ही मुदत दोन्हीकडे आहे.

दवाखान्यात "घरी पडलो" असं सांगणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. इंदौरच्या एमवाय या सरकारी रुग्णालयात किंवा खासगी रुग्णालयात नेताना मुकादम म्हणतो, "पोलिसांचं लफडं नको, जिन्यावरून पडला असं सांगा, खर्च मी करतो." केसपेपरवर ते वाक्य उतरलं, की पुढे विमा कंपनीचा वकील तोच कागद पुढे करतो आणि अपघात कामावर झाला हे सिद्ध करण्यात महिने जातात. मेडिको-लीगल नोंदीत (पोलिसांना कळवण्यासाठी रुग्णालय करतं ती नोंद) साइटचं नाव, वेळ आणि कितव्या मजल्यावरून पडला हे लिहून घ्या. बिलं ठेकेदाराने भरली तरी प्रत्येकाची झेरॉक्स घरी ठेवा. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च भरपाईच्या रकमेव्यतिरिक्त वेगळा मागता येतो.

फक्त ठेकेदाराचं नाव घालणं

पेटी ठेकेदाराचा, म्हणजे बिल्डरकडून तुकड्यांनी काम घेणाऱ्या छोट्या ठेकेदाराचा, पत्ता अनेकदा एक मोबाइल नंबर एवढाच असतो. नोटीस परत येते, पुढची तारीख पडते, पुन्हा परत येते. कायद्याने मूळ काम घेणारा बिल्डरही जबाबदार आहे. त्यामुळे ठेकेदार, बिल्डर आणि विमा कंपनी या तिघांना सुरुवातीपासूनच पक्षकार करा. साइटवरच्या फलकाचा फोटो काढा. त्यावर रेरा नोंदणी क्रमांक असतो आणि त्यावरून बिल्डरचा पत्ता सापडतो. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. कोणी स्वतःला राहायला घर बांधत असेल, तर बांधकाम हा त्याचा धंदा नाही. अशा घरमालकावर सहसा ही जबाबदारी येत नाही, तिथे ठेकेदारच धरावा लागतो.

मजुरीचा पुरावाही त्याच आठवड्यात गोळा करा: हजेरीच्या वहीचा फोटो, मोबाइलवर आलेल्या पैशांच्या नोंदी, दोन सोबत्यांची नावं आणि गावचे पत्ते. झाबुआ-अलिराजपूरचे मजूर होळीला, भगोरियाला गावी गेले की साक्षीदार हाती लागत नाहीत.

बुऱ्हाणपूर किंवा खानदेशातून आलेल्यांची आणखी एक अडचण असते. गावच्या कागदावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण लिहिलेलं असतं, तर इथल्या हजेरीत नुसतं "संजू". दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं शपथपत्र अर्जासोबतच जोडा. ते राहिलं, तर त्याच कारणाने तारखा वाढतात.

टक्केवारीच्या दाखल्यावर थांबणं

कायम आणि पूर्ण अपंगत्वाचं गणित असं: मासिक वेतनाचे 60 टक्के गुणिले वयाचा गुणांक, म्हणजे कायद्याच्या तक्त्यात वयाप्रमाणे दिलेला आकडा. जुन्या कायद्यात 3 जानेवारी 2020 पासून वेतन जास्तीत जास्त 15,000 रुपये धरलं जातं. 30 वर्षांच्या मिस्त्रीचा गुणांक 207.98. म्हणजे 9,000 गुणिले 207.98, एकूण 18,71,820 रुपये. कमाईची क्षमता 30 टक्के गेली असं ठरलं, तर 5,61,546.

सगळं भांडण या टक्केवारीवर असतं. काही इजांची टक्केवारी कायद्याच्या परिशिष्टात ठरलेली आहे, हाताचा अंगठा गेला तर 30 टक्के. परिशिष्टात नसलेल्या इजेसाठी डॉक्टरांनी कमाईच्या क्षमतेवर मत द्यायचं असतं. "डाव्या पायाचं 25 टक्के अपंगत्व" एवढाच दाखला आणला, की परांचीवर चढणाऱ्या माणसाचं नेमकं किती नुकसान झालं हा प्रश्न तसाच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1975 मध्ये प्रताप नारायण सिंह देव प्रकरणात डावा हात गेलेल्या सुताराचं अपंगत्व पूर्ण धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. म्हणून दाखल्यावर कामाचं स्वरूप लिहून घ्या, आणि डॉक्टर साक्षीला येतील का हे आधीच विचारा. डॉक्टर न आल्याने प्रकरण अडकणं नेहमीचंच आहे.

स्टॅम्प पेपरवर सही

"पन्नास हजार घ्या, काही तक्रार नाही असं लिहून द्या." कायद्याने मिळणारा हक्क असा सोडून देता येत नाही, तसा करार निरर्थक ठरतो. तरीही तो कागद निघाला की वाद वाढतोच. समझोता करायचा तर आयुक्तांकडे नोंदवून करा. मृत्यूच्या प्रकरणात रक्कम आयुक्तांकडे जमा करणं मालकाला बंधनकारक आहे. विधवेच्या हातात परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत, अपवाद फक्त तीन महिन्यांच्या वेतनाइतक्या उचलीचा.

चुकीच्या दारात वर्ष घालवणं

पोलिसांत तक्रार जरूर द्या, पण त्या खटल्याच्या निकालाची वाट पाहत बसू नका. तो शिक्षेसाठी चालतो, दाव्याची मुदत त्यासाठी थांबत नाही. कामगाराचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) असेल, तर भरपाईचा दावा चालत नाही, लाभ ईएसआयकडूनच घ्यावे लागतात. त्यामुळे आधी तो क्रमांक आहे का हे तपासा. साइटवर डंपर किंवा क्रेनने धडक दिली असेल, तर मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा कर्मचारी भरपाई यांपैकी एकच रस्ता निवडता येतो, आणि मोटार अपघाताच्या दाव्याची मुदत सहा महिने आहे. हा निर्णय पहिल्या दोन-तीन महिन्यांत घ्या.

अर्ज इंदौरलाच केला पाहिजे असं नाही. कामगार किंवा त्याचे वारस राहतात तिथेही करता येतो. मात्र जळगावला अर्ज केला, तर अपघात झालेल्या भागाच्या आयुक्तांना कळवण्याची पायरी वाढते आणि साक्षीदार इंदौरलाच राहतात. गावाकडचा प्रवासखर्च आणि हा वेळ, दोन्हींचा हिशेब मांडून ठरवा.

व्याज न मागणं

देय झाल्यापासून महिनाभरात रक्कम दिली नाही, तर 12 टक्के व्याज लागतं, आणि सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. दोन्ही अर्जातच मागा. प्रताप नारायण सिंह देव निकालाप्रमाणेच रक्कम अपघाताच्या दिवसापासून देय असते. अपीलाला 60 दिवस आहेत आणि मालकाला आदेशाची रक्कम आधी जमा करावी लागते. आदेशानंतरही पैसे आले नाहीत, तर महसूल थकबाकीसारखी वसुली मागता येते.

मृत्यूच्या दाव्यात पत्नी, अज्ञान मुलं आणि विधवा आई या सगळ्यांची नावं पहिल्याच अर्जात घाला. आईचं नाव राहिलं की रक्कम जमा होऊनही वाटप अडतं.