प्रतिजैविकाचा डोस हाती घेताना: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी

परीक्षेत प्रतिजैविक (अँटिबायोटिक) प्रतिरोधाची व्याख्या अचूक लिहिणारे विद्यार्थीही वॉर्डात 'रुग्णाच्या शरीराला औषधाची सवय झाली' असे सहज बोलून जातात. सुरुवात हा गैरसमज काढून टाकण्यापासून करावी. औषधाला दाद देईनासे होतात ते जिवाणू, शरीर नव्हे. काही जिवाणू बीटा-लॅक्टमेजसारखी विकरे (एन्झाइम) तयार करून औषध मोडून टाकतात, काही आत शिरलेले औषध बाहेर फेकतात, आणि ही क्षमता देणारी जनुके प्लाझ्मिडमार्फत (जिवाणूंमधील डीएनएच्या छोट्या, सुट्या वर्तुळांमार्फत) वेगळ्या जातीच्या जिवाणूंपर्यंतही पोहोचतात. त्यामुळे ज्याने ते औषध कधी घेतलेच नाही, अशा शेजारच्या खाटेवरील रुग्णालाही प्रतिरोधी संसर्ग होऊ शकतो, आणि तो पुष्कळदा आपल्याच न धुतलेल्या हातांनी तिथे पोहोचतो.

डोस देण्यापूर्वी केसपेपरवर तो कशासाठी लिहिला आहे ते शोधावे. कारण सापडले नाही तर डॉक्टरांना विचारण्यात संकोच मानू नये. कल्चर (नमुन्यातील जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची तपासणी) पाठवायचे असल्यास नमुना पहिल्या डोसच्या आधी घ्यावा. प्रौढांमध्ये रक्ताचे सहसा दोन संच, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त. मात्र सेप्टिक शॉकमध्ये (संसर्गामुळे रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली जातो तेव्हा) निदान झाल्यापासून एका तासाच्या आत औषध सुरू व्हायला हवे, त्यामुळे नमुना मिळत नाही म्हणून डोस अडवून धरू नये.

ॲलर्जीची चौकशी होय-नाही एवढ्यावर थांबवू नये. नेमके काय झाले, औषध घेतल्यावर किती वेळाने झाले, हे रुग्णाच्या शब्दांत नोंदवावे. मळमळ किंवा जुलाब हे बहुधा दुष्परिणाम असतात. अंगावर गांधी उठणे, चेहरा सुजणे, श्वास लागणे ही ॲलर्जीची लक्षणे. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचे सांगणाऱ्या बहुतेकांना तपासणीत ती नसल्याचे आढळते. पण ती नोंद एकदा झाली की रुग्णाला पुढे वर्षानुवर्षे अधिक व्यापक प्रभावाची औषधे दिली जातात.

वेळेचे महत्त्व पुस्तकात दोन ओळींत उरकलेले असते, आणि माझ्या मते विद्यार्थी सर्वांत जास्त चुकतात ते इथेच. बीटा-लॅक्टम गटातील (पेनिसिलिन व त्यासारख्या) औषधांचा परिणाम त्यांची रक्तातील पातळी किती काळ टिकते यावर अवलंबून असतो. म्हणून 'दर आठ तासांनी' याचा अर्थ सकाळी ६, दुपारी २ आणि रात्री १० असा घ्यावा, ड्युटीच्या सोयीने तीनदा असा नव्हे. जेंटामायसिनसारख्या औषधांत उलट पातळीची उंची महत्त्वाची असते. व्हॅन्कोमायसिनचा १ ग्रॅमचा डोस किमान ६० मिनिटांत सोडावा. घाईने सोडल्यावर चेहरा व मान लाल होणे ही बहुधा वेगामुळे आलेली प्रतिक्रिया असते, तिची ॲलर्जी म्हणून परस्पर नोंद करू नये. शिवाय १०० मिलिलिटरची बाटली रिकामी झाली तरी औषधाचा काही भाग आयव्ही सेटच्या नळीत उरतो. तो सुसंगत द्रवाने पुढे ढकलला नाही, तर चार्टवर पूर्ण डोस आणि रुग्णाच्या शरीरात अपुरा, असे घडते.

४८ ते ७२ तासांनी कल्चरचा अहवाल आला का, औषध बदलता किंवा बंद करता येईल का, रुग्ण तोंडाने गोळी घेऊ शकतो का, हे प्रश्न राउंडमध्ये आपणहून मांडावेत. औषध कोणत्या गटातील आहे हे पाहण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २०१७ पासूनचे 'अवेअर' वर्गीकरण उपयोगी पडते: ॲक्सेस (नेहमीच्या संसर्गांसाठी पहिली पसंती), वॉच (जपून वापरायची) आणि रिझर्व्ह (शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेली). रिझर्व्ह गटातील औषध लिहिलेले दिसले, तर त्याचे कारण विचारून घ्यावे.

घरी जाणाऱ्या रुग्णाला 'कोर्स पूर्ण करा' एवढेच सांगून भागत नाही. किती दिवस, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, हे सांगून त्याच्याकडून ते पुन्हा वदवून घ्यावे. गोळ्या उरल्या तर त्या पुढच्या तापासाठी जपून ठेवू नयेत किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला देऊ नयेत, हेही त्याच वेळी सांगावे; कारण बरे वाटू लागल्यावर हा प्रश्न विचारायला रुग्ण सहसा परत येत नाही.