हॉस्टेलची फी परवडत नसेल तर: बडोद्यातल्या विद्यार्थ्यांसाठी

आधी उत्पन्नाचा दाखला काढा. मामलतदार कचेरीच्या जनसेवा केंद्रात ‘आवकनो दाखलो’ म्हणून मागा. प्रवेश सुरू झाले की तिथे रांगा लागतात, म्हणून निकालाची वाट पाहू नका.

गुजरात सरकारच्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेत (ही शिष्यवृत्ती आहे) कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 6 लाखांपर्यंत चालतं. आपल्या तालुक्याबाहेर शिकणाऱ्या आणि सरकारी वसतिगृह न मिळालेल्या मुलांना महिन्याला 1,200 रुपये, 10 महिने मिळतात. बारावीला 80 पर्सेंटाइल हवेत, म्हणजे साधारण 80 टक्के मुलं तुमच्या मागे हवीत. टक्के नव्हेत, इथेच अनेकांची गफलत होते.

पैसे अडकतात ते बहुधा नावापायी. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. ‘शिंदे’चं स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं. अर्जाआधीच दुरुस्त करा. खातं आधारशी जोडलंय का, तेही बँकेत विचारा. मदत उशिरा येते. तोवर वॉर्डनकडे हप्त्यांसाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या.