ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी मिळवताना

परदेशात शिकलेल्या परिचारिकेला ब्रिटनमध्ये काम करायचे असेल, तर नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल, म्हणजेच एनएमसीच्या नोंदवहीत तिचे नाव असावे लागते. नोकरीचे पत्र किंवा वॉर्डातला दांडगा अनुभव त्या नोंदीची जागा घेऊ शकत नाही. अतिदक्षता विभागात नऊ वर्षे काढल्यावर मी या वाटेला लागले, तेव्हा माझा समज असा होता की इंग्रजीच काय ती अडवेल, बाकी सारे हातच्या सवयीने निभावून जाईल. पुढे अडवले ते त्या सवयीनेच.

जर्मनीसारख्या देशात तुमचा अभ्यासक्रम तिथल्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहतात आणि उणिवांची यादी हातात देतात. एनएमसी विषयवार तासांचा हिशेब मांडत नाही. पदवी किंवा पदविका तुमच्या देशात परिचारिका म्हणून नोंदणीस पात्र ठरवते का, एवढे पाहून पुढची पारख परीक्षेवर सोडते. मात्र जिथे जिथे नोंदणी झाली असेल, तिथल्या प्रत्येक कौन्सिलची पडताळणी मागितली जाते. माझी नोंदणी दोन ठिकाणी होती आणि दुसरी मी साफ विसरले होते. त्यातच पदविकेवर माहेरचे नाव आणि पासपोर्टवर सासरचे. अर्जाला हात लावण्यापूर्वी सगळी कागदपत्रे शेजारी शेजारी मांडून नावाचे प्रत्येक अक्षर आणि जन्मतारीख जुळते का, हे पाहिले असते, तर माझे तीन महिने वाचले असते.

इंग्रजीसाठी आयईएल्टीएस ॲकॅडमिकमध्ये वाचन, श्रवण आणि संभाषणात ७, तर लेखनात ६.५ गुण लागतात; ओईटी ही आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजी परीक्षा दिल्यास बाकी भागांत बी श्रेणी आणि लेखनात सी प्लस पुरते. ओईटीचे पत्रलेखन रुग्णाविषयीच असल्यामुळे वॉर्डात काम केलेल्यांना मी तीच परीक्षा सुचवीन.

सीबीटी ही संगणकावरची ज्ञानपरीक्षा आपल्या देशात बसून देता येते. तिच्या पहिल्या भागात औषधमात्रेच्या गणितासारखे १५ प्रश्न असतात आणि दुसऱ्या भागात १०० प्रश्न. खरी गफलत दुसऱ्या भागात होते, कारण तिथे पाठांतरापेक्षा तिथली विचारपद्धती विचारलेली असते. समजा, वृद्ध रुग्ण गोळी घ्यायला नाही म्हणतो. नातेवाइकांना बोलावून त्याची समजूत काढावी, असे आपल्याला चटकन वाटते. पण तिथले उत्तर त्याच्या निर्णयक्षमतेपासून सुरू होते, आणि ती शाबूत असेल तर नकार हा त्याचा हक्क ठरतो. इंग्लंड आणि वेल्ससाठी याविषयी २००५ चा मेंटल कपॅसिटी ॲक्ट आहे. त्याची मूळ तत्त्वे आणि एनएमसीची आचारसंहिता मन लावून वाचावी.

ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा मात्र ब्रिटनमध्येच होते. तिची दहा स्थानके असतात, म्हणजे एकेक काम करून दाखवायच्या दहा जागा. त्यांपैकी चार एकाच रुग्णाभोवती गुंफलेली असतात, म्हणजे मूल्यमापन, शुश्रूषेचे नियोजन, अंमलबजावणी आणि फेरतपासणी. औषध देण्याच्या स्थानकावर मी तक्ता पाहिला, रुग्णाच्या मनगटावरची पट्टी पाहिली, औषधाची मुदत पाहिली, सारे नेहमीच्या वेगाने आणि नजरेनेच. रुग्णाला त्याचे नाव आणि जन्मतारीख सांगायला लावले नाही, ॲलर्जीविषयी तोंडाने विचारले नाही. मी ते मनात तपासले होते, हे परीक्षकाला कळणार तरी कसे? निरीक्षणांच्या स्थानकावर श्वास पूर्ण मिनिटभर मोजण्याऐवजी अर्धे मिनिट मोजून दुप्पट केले, हीसुद्धा गर्दीच्या वॉर्डातली जुनी खोड. दोन्ही स्थानकांवर मी नापास झाले.

त्यानंतर महिनाभर मी खोलीत उशीला रुग्ण मानून, मोठ्याने बोलत सराव केला. आधी स्वतःचेच हसू येई. पण हात धुण्यापासून नोंद करून सही करण्यापर्यंतची प्रत्येक पायरी बोलून दाखवायची म्हटले की आपण काय काय गाळतो ते उघडे पडते. लिहिताना चूक झाली तर खाडाखोड न करता एकच आडवी रेघ मारून सही करायची, हेही तेव्हाच अंगवळणी पडले.

मी भरले तेव्हा अर्जाचे १४० पौंड, सीबीटीचे ८३, ऑस्कीचे ७९४ आणि शेवटी नोंदणीचे १५३ असे शुल्क होते. ऑस्कीत सातपर्यंत स्थानकांवर नापास झाल्यास फेरपरीक्षेला ३९७ पौंड पडत. त्याहून अधिक स्थानकांवर झाल्यास पुन्हा पूर्ण शुल्क. एका अर्जावर ऑस्कीचे तीन प्रयत्न मिळतात. पुष्कळ रुग्णालये हा खर्च उचलतात. पण किती मुदतीच्या आत नोकरी सोडल्यास किती रक्कम परत द्यावी लागेल, हे करारावर सही करण्याआधी लेखी घ्यावे. परिचारिकेकडून भरतीचे पैसे मागणाऱ्या एजन्सीपासून तर लांबच राहावे, कारण आरोग्यसेवेतल्या परदेशी भरतीसाठी ब्रिटिश सरकारने घालून दिलेल्या संहितेत त्याला मनाई आहे.

पिन, म्हणजे एनएमसीचा नोंदणी क्रमांक, हाती आल्यावर दर तीन वर्षांनी रिव्हॅलिडेशन, म्हणजे नोंदणीचे नूतनीकरण, करावे लागते, आणि त्यासाठी ४५० तासांचे काम, ३५ तासांचे शिक्षण आणि पाच चिंतनपर टिपणे दाखवावी लागतात. मी पहिल्याच आठवड्यात त्यासाठी एक वही घातली, आणि तिच्यातले पहिले टिपण त्या न विचारलेल्या ॲलर्जीविषयी आहे.