बाहेरचे दिवे लावायचेत? आधी अंधार कुठे ठेवायचा ते ठरवा

जुने दिवे काढले, एलईडी लावले, झालं पर्यावरणाचं काम, असं समजणारे खूप आहेत. वीज वाचते हे खरंय, पण उजेड स्वस्त झाला की आपण तो जास्तच पाडतो, २०१२ ते २०१६ च्या सॅटेलाइट डेटात पृथ्वीवरचा रात्री उजळलेला भाग वर्षाला साधारण २.२ टक्क्यांनी वाढलेला दिसला आणि एलईडी जगभर पसरत होते तो हाच काळ. त्यामुळे रस्ता असो, बाग असो की पार्किंग, कॅटलॉगच्या आधी नकाशा उघडा.

रात्री माणसं खरंच कुठून जातात, किती वाजेपर्यंत, पायऱ्या कुठे, वळण कुठे, रस्ता कुठे ओलांडतात, तेवढं मार्क करा. दिवे तिथेच. झाडांचा पट्टा, तळ्याचा काठ, रात्री कुलूप लागणारा बागेचा भाग हे सरळ अंधारात ठेवा. काही पायऱ्यांना तर कडेला पांढरा पट्टा मारला की भागतं.

मग उजेड किती? वॅट नका विचारू, जमिनीवर लक्स (म्हणजे एखाद्या जागी किती उजेड पडतो त्याचं माप) किती पडणार ते विचारा. शांत वस्तीतल्या गल्लीला सरासरी ३ ते ५ लक्स पुरतात (पौर्णिमेचं चांदणं साधारण ०.३ लक्सच्या वर जात नाही, तरी आपल्याला वाट दिसतेच की). आकड्यापेक्षा उजेड सारखा पसरणं महत्त्वाचं, कारण खांबाखाली लख्ख आणि दोन खांबांच्या मधे काळोख असला की डोळ्याला लख्ख उजेडाची सवय होते आणि मधला माणूस दिसतच नाही. खांबांमधलं अंतर उंचीच्या साधारण तीन-चार पट धरा, पण फायनल करायच्या आधी उजेडाचा हिशोब मांडणाऱ्या डायलक्ससारख्या फ्री सॉफ्टवेअरमध्ये त्या फिटिंगची (म्हणजे दिव्याच्या अख्ख्या युनिटची) उजेड कसा पसरतो ते सांगणारी फाइल टाकून बघाच.

आता फिटिंग. काच सपाट, तोंड सरळ खाली, वरच्या दिशेला उजेड शून्य. खांबावरचा आर्म तिरका करून "लांबपर्यंत पडेल" म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका, तो उजेड समोरच्याच्या डोळ्यात आणि कुणाच्या तरी बेडरूममध्ये जातो. सोपी टेस्ट आहे: रात्री दिव्याकडे तोंड करून थोडं लांब उभं राहा आणि हात वर करून फक्त दिवा झाका. झाकल्यावर रस्ता जास्त स्पष्ट दिसला तर तो दिवा नुसते डोळे दिपवतोय.

रंगाच्या बाबतीत मी हट्टी आहे. ३००० केल्विनच्या (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा) वर जायचंच नाही, झाडी किंवा पाण्याजवळ २२०० किंवा अंबर, म्हणजे गडद पिवळा. पांढऱ्याफटक दिव्यात निळा भाग जास्त, तो हवेत जास्त विखुरतो, आकाश उजळतं, किडे त्याच्याकडे जास्त ओढले जातात. समुद्रकिनारी कासवाची पिल्लं अंड्यातून निघाली की उजळ क्षितिजाकडे धावतात, दिवे असतील तर पाण्याऐवजी रस्त्याकडे. वॉर्म दिव्याला तेवढ्याच वॅटमध्ये उजेड जरा कमी मिळतो, मिळू दे.

खरी बचत कंट्रोलमध्ये. ४० वॅटचा दिवा वर्षात साधारण ४००० तास जळतो, म्हणजे १६० युनिट. रात्री ११ ते पहाटे ५ अर्ध्यावर आणला तर त्यातले ४४ युनिट वाचतात, आणि डोळ्याला अर्धा उजेड अर्धा वाटत नाही त्यामुळे फारसं कुणाच्या लक्षातही येत नाही. आडवाटेला मोशन सेन्सर, पण एकदम भक्कन पेटणारा नको, मंद उजेडावरून हळूच वाढणारा हवा. फोटोसेल (अंधार पडला की दिवा आपोआप लावणारा सेन्सर) मात्र अधूनमधून पुसा, धूळ बसली की त्याला भरदुपारीही रात्र वाटते.

सोलर लगेच ग्रीन होत नाही, बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते आणि जुनीची विल्हेवाट लावायची असते. वीज शेजारीच असेल तर ग्रिडच बरी, लांबच्या वाटेला सोलर. एलईडीची चिप टिकते, आधी मरतो तो ड्रायव्हर (चिपला हवी तशी वीज पुरवणारा भाग), म्हणून ड्रायव्हर वेगळा काढता येईल असंच फिटिंग घ्या, सर्ज प्रोटेक्शन (विजेच्या अचानक झटक्यापासून बचाव) आणि आयपी६६ (धूळ-पाणी आत न जाण्याचं रेटिंग) बघून, नाहीतर एका पार्टपायी अख्खं फिटिंग भंगारात. आणि पूर्ण ऑर्डर द्यायच्या आधी दोन-तीन खांबांवर सॅम्पल लावून, तिथे राहणाऱ्यांना घेऊन रात्री एक चक्कर मारा, जास्तच वाटलं तर डिमिंग तिथल्या तिथे खाली आणता येतं.